ट्रिक्सी आली आणि मराठी गेली

२०२५ साली राखीपौर्णिमा शनिवारी होती, ९ ऑगस्टला. भावाला ओवाळून झालं होतं, नारळीभात दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात मोबाइलवर भाच्याचा निरोप आला: “मावशी, ट्रिक्सी आली.” वहिनीने शेजारून डोकावून वाचलं आणि म्हणाली, “अय्या, कुणाला मुलगी झाली?”

मुलगी नव्हे, डेबियनची तेरावी आवृत्ती. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: आपल्या संगणकावर विंडोज असतं, तशीच डेबियन ही लिनक्स जातीची एक प्रणाली. फक्त ती कुठल्या कंपनीची नाही, १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक मिळून ती चालवतात. साधारण दोन वर्षांनी एक नवी आवृत्ती निघते आणि तिला पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी’ या गाजलेल्या ॲनिमेशनपट-मालिकेतल्या खेळण्याचं नाव मिळतं. ही प्रथा पडली तेव्हा प्रकल्पाची सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि ते पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून. ट्रिक्सी म्हणजे तीन शिंगांचा निळा डायनासोर. तिच्या आधीची बारावी आवृत्ती बुकवर्म, चष्मा लावलेली हिरवी पुस्तकी अळी. माझ्या धंद्याला तेच नाव जास्त शोभत होतं.

मी साताऱ्यात राहते. हस्तलिखितं टाइप करून देणं आणि प्रुफं वाचणं हे माझं काम, पंचवीस वर्षं झाली. जुलै ते सप्टेंबर दिवाळी अंकांची धांदल असते. त्या तीन महिन्यांत माझ्या लॅपटॉपला कुणी हात लावलेला मला खपत नाही. २०२३ च्या जूनमध्ये बुकवर्म आली तेव्हा भाच्याने ती याच जुन्या लॅपटॉपवर बसवून दिली होती. त्यावर केडीई या प्रकल्पाचा डेस्कटॉप, लिहायला लिबरऑफिस रायटर आणि टायपिंगला गमभन. इंग्रजी अक्षरांत उच्चार बडवायचा आणि मराठी उमटतं. कॅपिटल एल दाबला की ळ. मनोगत-मिसळपाव या मराठी संकेतस्थळांच्या काळापासून बोटांना तीच सवय लागलेली. लिनक्सवरही ती पद्धत मिळते म्हटल्यावर मी हो म्हटलं होतं, नाहीतर हललेच नसते.

नव्या डेस्कटॉपबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात केडीईची भारतातली परिषद भरली होती. भाचा तिथे जाणार होता आणि मला प्रकाशकांकडे प्रुफं पोचवायची होती, म्हणून बरोबर गेले. तिथे सगळी पोरं प्लाझ्मा ६ बद्दल बोलत होती. प्लाझ्मा म्हणजे केडीईचा डेस्कटॉप, खालची पट्टी, खिडक्या, मेनू, सगळं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सहावी आवृत्ती बाहेर पडली. मी भाच्याला विचारलं, “मग मला कधी मिळणार?” तो हसला. “मावशी, तू डेबियनवर आहेस. दीड वर्ष थांब.”

आणि खरंच दीड वर्ष थांबावं लागलं. डेबियनमध्ये एक आवृत्ती निघाली की तिच्यातल्या कार्यक्रमांच्या आवृत्त्या तिथेच गोठतात. नंतर येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या. बुकवर्ममध्ये प्लाझ्मा ५.२७ होता तो शेवटपर्यंत ५.२७ च राहिला. बाहेर ६.०, ६.१, ६.२ येऊन गेले. पुढची आवृत्ती काढायच्या आधीही कित्येक महिने दारं हळूहळू बंद करत आणतात, त्याला फ्रीझ म्हणतात. ट्रिक्सीचं फ्रीझ मार्च २०२५ मध्ये सुरू झालं. मला ही रीत पटते. छपाईला जायच्या आदल्या रात्री लेखकाने नवा परिच्छेद पाठवला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

निरोप आला म्हणून लगेच उडी मारली नाही. आधी रिलीज नोट्स वाचल्या. भाच्याची सक्त ताकीद होती: “पाचवं प्रकरण सोडू नकोस.” त्या प्रकरणात कुठे ठेच लागू शकते त्याची यादी असते. मी ते प्रकरण चक्क छापून घेतलं आणि लाल पेन घेऊन बसले. पडद्यावर वाचलं की माझ्या नजरेतून चुका सुटतात, कागदावर सुटत नाहीत.

लाल खुणा तीन झाल्या. पहिली, आमच्या ह्यांच्या जुन्या ३२ बिटी डेस्कटॉपशेजारी: त्याला ट्रिक्सी मिळणार नाही, बुकवर्मवरच ठेवायचा. बुकवर्मला २०२८ च्या जूनअखेरपर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, तोवर तो डबा टिकला तर खूप. दुसरी खूण नुसत्या कुतूहलाची. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटी घड्याळांचे आकडे १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ वाजत आलेले असताना, संपणार आहेत. त्याची तजवीज या आवृत्तीत केली आहे. तिसरी खूण मात्र माझ्या कामाची होती. तात्पुरत्या फाइलींची जागा, म्हणजे टेम्प, आता डिस्कवर न राहता मेमरीत असेल. आधीच्या फाइली नव्या थराखाली झाकल्या जातील आणि पुढे मशीन बंद केलं की तिथलं सगळं पुसलं जाईल.

मी टेम्प उघडून पाहिलं. एका ज्येष्ठ लेखिकेच्या हस्तलिखिताची चाळीस स्कॅन केलेली पानं तिथे पडली होती. मीच ठेवली होती, “तात्पुरती,” एप्रिलमध्ये. ती उचलून नीट फोल्डरमध्ये ठेवली, पेन ड्राइव्हवर नक्कल घेतली आणि स्वतःवर खूश झाले. बघा, वाचण्याचे फायदे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे.

मुहूर्त धरला १६ ऑगस्टचा. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आलेला, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. एका दिवाळी अंकाची कथा सोमवारी सकाळी द्यायची होती आणि तिची चारच पानं टाइप करायची राहिली होती. शनिवारी संध्याकाळी काम उरकेल, रविवारी निवांत पानं पूर्ण करू, असा हिशेब. नंतर कळलं की १६ ऑगस्ट हा डेबियनचा वाढदिवस. त्या दिवशी ती ३२ वर्षांची झाली.

कामाची रीत तशी सोपी. आधी बुकवर्मच्या सगळ्या शिल्लक दुरुस्त्या बसवून घ्यायच्या. मग पॅकेजेस, म्हणजे कार्यक्रमांची पुडकी, कुठून आणायची त्याची यादी असलेली फाइल उघडायची आणि तिच्यात जिथे जिथे बुकवर्म लिहिलंय तिथे ट्रिक्सी लिहायचं. शोधा आणि बदला, माझं रोजचंच काम. मग एपीटीला, म्हणजे ही पुडकी आणून बसवणाऱ्या कार्यक्रमाला, नव्या याद्या आणायला सांगायचं, आधी अर्धवट अपग्रेड करायचं, ज्यात नवीन काही न आणता आहे तेवढंच बदलतं, आणि मग पूर्ण अपग्रेड. अर्धवटाची पायरी गाळू नये असं नोट्समध्ये आहे. मी गाळली नाही.

हे सगळं डेस्कटॉपमध्ये बसून न करता काळ्या पडद्यावर करावं, कारण अपग्रेड होताना डेस्कटॉपच मध्ये कोसळला तर काम अर्धवट राहतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबले. पडदा काळा झाला, वर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं. आता माझी प्रणाली मराठीत लावलेली. एरवी एपीटी माझ्याशी मराठीतच बोलतं. या काळ्या पडद्याला मात्र देवनागरी दाखवता येत नाही, त्यामुळे समोर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. तेवढ्यापुरती भाषा इंग्रजी करून घेतली आणि पुढे गेले.

दोन हजारांवर पॅकेजेस बदलायची होती, उतरवायचं ओझं अडीच गिगाबाइटच्या आसपास. बाहेर चौकात हंडी बांधलेली, स्पीकरच्या भिंती लागलेल्या, पाऊस संततधार. पावणेसहाला सगळं उतरून झालं आणि एकेक पॅकेज उलगडायला सुरुवात झाली. मध्येच थांबून प्रश्न विचारले जात होते: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घालू? तीनदा विचारलं. लेखकाची संहिता की संपादकाची, असाच हा प्रश्न. मी तिन्ही वेळा माझी ठेवली.

सव्वासहाला लाइट गेली.

स्पीकर बंद पडले, चौकातून एक मोठा “ओऽऽ” आला आणि आमच्या दिवाणखान्यात फक्त तो काळा पडदा उजळत राहिला. राउटर मेला, पण एपीटी आधी सगळं उतरवून घेतं आणि मगच बसवायला घेतं, त्यामुळे इंटरनेटची गरज संपली होती. प्रश्न बॅटरीचा होता. माझी बॅटरी धड असेल तर चाळीस मिनिटं, रुसली तर पंधरा. मी पडद्याचा उजेड कमी केला, माउस काढून ठेवला (त्याने काय होणार होतं कोण जाणे) आणि देवासमोर बसावं तशी बसले. ओळी सरकत होत्या. फाँट, छपाईचे ड्रायव्हर, लिबरऑफिस, परत फाँट. बत्तिसाव्या मिनिटाला ओळी थांबल्या आणि खाली नुसता लुकलुकणारा ठिपका उरला. झालं होतं. लाइट आली साडेसातला, हंडी त्याआधीच अंधारात कुणीतरी फोडली होती.

मशीन बंद करून चालू केलं. नव्या रूपाचं स्वागत पान, पासवर्ड, आणि समोर प्लाझ्मा ६.३. छान होतं. फक्त फोल्डरवर क्लिक केलं की ते उघडेना, नुसतं निळं व्हायचं. माउस बिघडला असं समजून मी दुसरा लावला, तोही तसाच. मग आठवलं की सहाव्या आवृत्तीपासून एका क्लिकऐवजी दोन क्लिक हा केडीईचा रिवाज झाला आहे. बाकी जगात तसंच आहे म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन परत एका क्लिकवर आणलं. माझं मनगट दुखतं, जगाचं मला काही सांगू नका.

रायटर उघडला, कथेच्या राहिलेल्या पानांवर गेले आणि “मावळतीच्या उन्हात” असं टाइप केलं. ओळीत इंग्रजी अक्षरं रांगेने उभी राहिली. मधोमध ताठ उभा एक कॅपिटल एल, जिथे ळ यायला हवा होता.

भाषा बदलायची कळ दाबली. काही नाही. कोपऱ्यात घड्याळाशेजारी मराठीचं चिन्ह असायचं, तेच गायब. हे चिन्ह आयबसचं. आयबस म्हणजे मधला दुभाषा. मी कळ दाबते ती आधी त्याच्याकडे जाते, तो तिचं मराठी करतो आणि रायटरच्या हातात देतो. दुभाषा कामावरच आला नव्हता.

शनिवारी रात्रीचे नऊ. सोमवारी सकाळी पानं द्यायची. इथून पुढचे चार तास मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. नेटवर जुने सल्ले शोधले. आयबस हाताने चालू केला. एका सल्ल्यात दोन ओळी दिल्या होत्या. यात अमुक मॉड्यूल आयबसला द्या, त्यात तमुक. त्या पूर्ण प्रणालीला लागू होतील अशा फाइलमध्ये घातल्या. परत लॉगिन केलं. आता एका खिडकीत मराठी यायला लागली, दुसरीत इंग्रजीच. परत लॉगिन. परत आयबस हाताने चालू. दरवेळी उजव्या कोपऱ्यात एक लांबलचक इंग्रजी सूचना टपकायची आणि माझ्या कामावर सावली धरून बसायची. मी ती फुलीवर क्लिक करून बंद करायचे. डास मारावा तशी.

एक वाजता झोपले. रविवारी सकाळी भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत भाड्याच्या खोलीवर, आवाजावरून नुकताच उठलेला.

“मावशी, लॉगिन करताना खाली काय दिसतं? प्लाझ्मा वेलँड की प्लाझ्मा एक्स-११?”

“वेलँड.” (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा, एक्स-११ जुनी आणि वेलँड नवी.)

“हां. आयबस चालू केल्यावर काही बोलतो का?”

“बोलत नाही रे. नुसती एक नोटीस येते कोपऱ्यात. मी बंद करते.”

“काय लिहिलंय तिच्यात?”

“काय की. लांबलचक आहे. इंग्रजीत.”

“मावशी,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात माझीच आई बोलली, “मोठ्याने वाच.”

मी आयबस परत चालू केला, नोटीस आली आणि मी मोठ्याने वाचली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं: वेलँडवर आयबस स्वतः सुरू होत नाही, डेस्कटॉपने तो सुरू करायला हवा. केडीई वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जा, व्हर्च्युअल कीबोर्ड उघडा, आयबस वेलँड निवडा, लागू करा. आणि जुने ते दोन व्हेरिएबल लावलेले असतील तर काढून टाका. दोन व्हेरिएबल म्हणजे मी आदल्या रात्री मोठ्या हौसेने घातलेल्या त्याच दोन ओळी.

फोनवर दोन्ही बाजूंनी थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, “चहा घेतो आणि येतो.” पोराने हसायला वेळ मागून घेतला असणार.

सेटिंग बदलायला एक मिनिट लागलं. त्यात अर्धं मिनिट त्या नावाने खाल्लं. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मोबाइलसारखा पडद्यावर उगवणारा कीबोर्ड येतो. तो दुभाषाच्या नेमणुकीचा विभाग असेल असं कुणाला वाटेल? असो. आयबस वेलँड निवडलं, कालच्या दोन ओळी काढल्या, लॉगआउट-लॉगिन. घड्याळाशेजारी चिन्ह परत आलं. मी माझं नेहमीचं चाचणी वाक्य टाइप केलं: “वऱ्हाडातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याने ॲल्युमिनियमच्या कळशीत ज्ञानेश्वरी ठेवली.” अर्थाला काही अर्थ नाही, पण मराठी टायपिंगमध्ये जे जे अडतं ते सगळं त्यात आहे. एकही अक्षर फुटलं नाही.

चहा पिऊन आलेल्या भाच्याने मग मला मुळाशी नेलं. मग आधी दोन वर्षं हे चालत कसं होतं? त्याने माझ्या घरच्या फोल्डरमधली एक लपलेली फाइल उघडायला लावली. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते आणि लगेच एक्स: एक्सप्रोफाइल. तिच्यात तीन ओळी. दोन त्या व्हेरिएबलच्या, तिसरी आयबस चालू करणारी. जून २०२३ मध्ये भाच्याने फोनवर सांगितल्या होत्या आणि मी माझ्या हाताने लिहिल्या होत्या. एक्स-११ मध्ये लॉगिन केलं की ती फाइल वाचली जायची. वेलँडच्या सत्रात तिच्याकडे कुणी पाहतच नाही. फाइलच्या नावातच एक्स होता, आणि मी काल रात्री फोल्डर धुंडाळताना तिच्यावरून दोनदा गेले होते.

एक्स आणि वेलँडचं भांडण नेमकं काय, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं. एक्स १९८४ मध्ये एमआयटीत जन्मला, त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ची. ती इतकी टिकली की नावच एक्स-११ पडलं. तो म्हणजे आमचा मंगळवार पेठेतला जुना वाडा. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण कुणाशी काय बोलतंय, सगळ्यांना ऐकू जातं. एका कार्यक्रमात टाइप केलेली कळ दुसऱ्या कार्यक्रमाला ऐकता येते. दुभाषाला हे फार सोयीचं, त्याला कुठेही उभं राहता येतं. पण पासवर्डही तसाच ऐकू जातो. वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं, तो फ्लॅटचा जमाना. दार बंद, आणि खाली वॉचमन. कळ दाबली की वॉचमन ती फक्त ज्याच्या खिडकीवर मी आहे त्याला देतो. मध्ये दुभाषा हवा असेल तर त्याची वॉचमनकडे नोंद पाहिजे. ती नोंद म्हणजे ते व्हर्च्युअल कीबोर्डचं पान.

यावर माझे इन्स्क्रिप्टवाले स्नेही म्हणणार, आम्हाला यातलं काहीच लागत नाही. खरं आहे. इन्स्क्रिप्टमध्ये एका कळीला एक अक्षर, त्यामुळे तो साधा कीबोर्डचा आराखडा असतो, दुभाषा लागतच नाही. एक्स असो वा वेलँड, त्यांचं चालूच. गेली वीस वर्षं ते मला हे सांगतात आणि गेली वीस वर्षं मी ऐकत नाही.

पानं सोमवारी सकाळी दहाला गेली. अंकाच्या संपादकांना यातलं काही कळवलं नाही.

आता बातम्या वाचायला लागले आहे, एवढा मात्र फरक पडला. केडीईत दर आठवड्याला काय बदललं त्याचा वृत्तान्त नेट ग्रॅहम आणि मंडळी लिहितात. पूर्वी मला तो पोरांचा खेळ वाटायचा. आता आयबस, इनपुट, कीबोर्ड असे शब्द दिसले की थांबून वाचते. नोव्हेंबरात केडीईने जाहीर केलं की प्लाझ्मा ६.८ पासून एक्स-११ चं सत्र राहणार नाही, फक्त वेलँड. एक्ससाठी लिहिलेले जुने कार्यक्रम चालतील, पण लॉगिन करताना तो पर्याय नसेल. त्यावर बरीच आरडाओरड झाली आणि ती सगळी मला चुकीची वाटत नाही. ज्यांना पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम लागतो, ज्यांची खास उपकरणं आहेत, त्यांच्यासाठी वाड्याची सोय वेगळीच होती. पण निदान आता माझ्यासारखीला आधी कळेल. ट्रिक्सीत अजून दोन्ही सत्रं आहेत.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा पाठिंबा संपला तेव्हा कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दादा त्याचा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या मशीनला विंडोज ११ च्या अटी झेपत नव्हत्या. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते, फक्त चित्ररूप इन्स्टॉलर निवडावा लागतो. त्याच्याकडे मी ती मराठीतूनच केली, तो शेजारी बसून प्रत्येक पान वाचत होता. तो इन्स्क्रिप्टवाला, त्यामुळे टायपिंगचा प्रश्नच आला नाही. योगायोग असा की १९९६ मध्ये मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली ती याच तारखेला.

डिसेंबरात कोपऱ्यात पुन्हा एक नोटीस आली. प्लाझ्मा ६.२ पासून वर्षातून एकदा ही येते, केडीईला देणगी द्याल का असं विचारते. या वेळी मी ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. आणि मग विचार केला, पैसे तर देऊच, पण आपल्याला जे येतं ते द्यावं. माझा डेस्कटॉप मराठीत लावलेला आहे आणि त्यात नव्या गोष्टी आल्या की त्यांची वाक्यं इंग्रजीच दिसतात, कारण भाषांतर करणारे हात मोजके. मराठीच्या संघाला विचारून एक छोटी फाइल मागून घेतली.

भाषांतराच्या फाइलीत वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली मराठीची रिकामी जागा. लोकलाइझ नावाच्या कार्यक्रमात ती भरत जायची. सोपं वाटतं. पण “अमुक काढून टाकलं” हे वाक्य घ्या. अमुकच्या जागी प्रत्यक्षात काय येईल ते चालताना ठरतं. फाइल आली तर काढली, फोल्डर आला तर काढला, चित्र आलं तर काढलं. इंग्रजीला लिंग नसल्यामुळे लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नसतो. एकवचन-अनेकवचनाला निदान वेगळ्या जागा आहेत, एक फाइल काढली आणि पाच फाइली काढल्या. लिंगाला जागा नाही. शेवटी मी “काढून टाकले” असं लिहून पुढे विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविराम चिन्ह दिलं आणि मग नाव. सुंदर नाही, पण कुठलंही नाव आलं तरी चूक होत नाही. मेनूतल्या शब्दांपुढे शॉर्टकटसाठी कंसात एक इंग्रजी अक्षर ठेवावं लागतं, तेही शिकले. साठ वाक्यांना तीन संध्याकाळी लागल्या. सोपी साठ.

संघाने ती घेतली. आता गंमत अशी की माझंच भाषांतर माझ्या पडद्यावर दिसत नाही. ट्रिक्सी गोठलेली आहे, तिच्यात ते येणार नाही. मला ते पाहायला पुढची आवृत्ती, फोर्की, यावी लागेल. भाचा मात्र आर्च नावाची दुसरी लिनक्स प्रणाली वापरतो. त्याच्याकडे रोज सगळं ताजं येतं आणि आठवड्यातून एकदा काहीतरी मोडतं, पण त्याची त्याला हौस आहे. जानेवारीत एका सकाळी त्याने पडद्याचा फोटो पाठवला. माझी वाक्यं, माझ्या शब्दांत, खऱ्या खिडकीत. मी फोटो मोठा करून ह्यांना दाखवला, वहिनीला पाठवला.

दहा मिनिटांनी त्याचा दुसरा निरोप आला. फोटोतल्या एका शब्दाभोवती लाल गोल काढला होता. “पुर्वावलोकन.” पू ऱ्हस्व पडलेला.

दुरुस्ती त्याच दिवशी पाठवली. फोर्कीचं फ्रीझ सुरू व्हायच्या आत पोचेल.